चिपमधली गुप्त किल्ली खरोखर अभेद्य असते का?

सॉफ्टवेअर फोडता येते, पण सिलिकॉनमध्ये ठेवलेली गुप्त किल्ली (माहिती कुलूपबंद करणारी व उघडणारी गुप्त संख्या) कोणालाही काढता येत नाही, हा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांमध्येही आढळणारा जुना समज चुकीचा आहे. कूटलेखनाचे गणित निर्दोष असले तरी हाताळल्या जाणाऱ्या बिट्सनुसार चिपचा वीजवापर किंचित बदलतो, आणि असंख्य वेळा तो मोजून किल्ली शोधता येते, हे कूटलेखनतज्ज्ञ पॉल कोचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडले. म्हणूनच वीजवापरावरून किल्ली ओळखता येऊ नये यासाठी डिझाइन अभियंता आकडेमोडीतील मधल्या मूल्यांत रँडम संख्या मिसळतो. मात्र सर्किट आटोपशीर करण्याच्या नादात सिंथेसिस टूल, म्हणजे डिझाइनच्या वर्णनावरून सर्किट बनवणारे सॉफ्टवेअर (ते गुपित जाणत नाही, फक्त काटकसर जाणते) हे संरक्षणच पुसून टाकू शकते, त्यामुळे तयार चिपवर पुन्हा मोजमाप करावेच लागते.