अंदमानला निघण्यापूर्वी एवढं वाचा

तिकिटं हातात आली, की आमच्या पुण्याच्या सहल कंपनीच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो, "बरोबर खायला काय न्यायचं?" ते शेवटी सांगतो. आधी वेळेचं बोलू, कारण अंदमानची सहल फसते ती बहुतेकदा वेळेपायी.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

पुणे आणि पोर्ट ब्लेअरच्या घड्याळात फरक नाही, पण पोर्ट ब्लेअर आपल्या पूर्वेला जवळजवळ १९ रेखांश आहे. सूर्य तिथे सव्वा तास आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात पुण्यात सातला उजाडतं, तिथे साडेपाचच्या सुमारास. आणि संध्याकाळी पाच वाजून गेले की सूर्य मावळलाच समजा. जेवून जरा पडतो, चारला बाहेर पडू, असं म्हणणाऱ्याच्या वाट्याला किनारा तासभर येतो. एक ते चारच्या झोपेची सवय तेवढे दिवस लोहगाव विमानतळावरच ठेवून या. कार्यक्रमपत्रिकेत 'गाडी सकाळी सहाला' असं लिहिलेलं असतं ते याच हिशेबाने.

पोहोचण्याचा दिवस

चेन्नई, बंगळूर, कोलकाता किंवा हैदराबादला विमान बदलून जायचं असतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली तर बॅगा बहुधा थेट पोर्ट ब्लेअरला मिळतात. काही मंडळी स्वस्त मिळाली म्हणून दोन वेगळी तिकिटं स्वतः काढतात. मग मधे बॅग उतरवून घ्या, पुन्हा रांगेत उभे राहा, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी थांबत नाही. तसं करायचंच असेल तर मधे चार तास तरी ठेवा.

तिकिटावर 'श्री विजय पुरम' दिसलं तर घाबरून फोन करू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव बदललं. तसंच हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं २०१८ पासूनची. तिथले रिक्षावाले मात्र जुनीच नावं बोलतात.

पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम बोट ठेवत नाही. रात्रभरच्या जागरणावर बोट म्हणजे उलट्यांना आमंत्रण. त्या दिवशी सेल्युलर जेल बघायचं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी जिने सावकाश चढावेत, पण चढावेत. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं संपतात, म्हणून ती आम्ही आधीच काढून ठेवतो.

बोटीचा भरवसा

हॅवलॉकची बोट दीड ते अडीच तास घेते. मूळ ओळखपत्र हवं, लहान मुलांचंसुद्धा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. जेट्टीवर तासभर आधी पोहोचा. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी सहसा पोटात राहत नाही.

हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि तिथे कोणाचाही वशिला चालत नाही. काही वर्षांपूर्वी आमचा एक ग्रुप ऐन परतीच्या दिवशी हॅवलॉकला अडकला आणि विमानाची आठ तिकिटं वाया गेली. चूक आमच्याच आखणीची होती. तेव्हापासून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच, यात बदल करून मागू नका.

मे महिन्याबद्दल स्पष्ट सांगतो. साधारण २० मेच्या आसपास 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी वाचून आपण पुण्यात खूश होतो. त्या दिवशी अंदमानात असलेल्या पर्यटकाला विचारा! शाळेच्या सुट्टीमुळे मेचं बुकिंग आम्ही घेतो, पण महिन्याच्या पूर्वार्धाचं. खरा हंगाम डिसेंबर ते एप्रिल.

पाण्यात उतरताना

स्कूबा करणार असाल तर ते परतीच्या आदल्या दिवशी नको. डुबकीनंतर १८ तास तरी विमान टाळायचं असतं. शरीरात साठलेला नायट्रोजन उंचीवर त्रास देतो. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर लपवू नका. मगरींच्या सूचनेचा फलक असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही जायचं नाही, मग स्थानिक मुलं खेळत असोत.

नीलचा नैसर्गिक खडकपूल ओहोटीलाच नीट बघता येतो. घरात पंचांग असेल तर अमावास्या-पौर्णिमा बघून ठेवा. त्या सुमारास पाणी जास्त आत सरतं आणि भरतीही तशीच मोठी येते.

किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळ बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात आणि कारवाईही होऊ शकते. दुकानातून घेतलेल्या वस्तूची पावती जपा. बाराटांग बेटाचा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे. "एकच फोटो" म्हणून ड्रायव्हरला गळ घालू नका, परवाना त्याचा जातो.

पैसे, फोन, खाऊ

समुद्राखालून इंटरनेटची केबल आली २०२० साली. तोवर सगळं उपग्रहावर चालायचं. आता पोर्ट ब्लेअरला फोन बरा चालतो, पण हॅवलॉक-नीलला कधी कधी यूपीआय नुसतं गोल गोल फिरत राहतं. रोख जवळ ठेवा, तिकिटं कागदावर छापून घ्या.

आणि खाऊ. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं, उपास घडणार नाही. पण पहाटेच्या बोटीसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू हाताशी असावेत. बाकरवडी न्यायची तर छोटी पाकिटं न्या. मोठं फोडलं की त्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी मऊ पडते.