एका त्रुटीवर चाललेलं स्वादुपिंड

कंपन्यांनी ग्राहकाला यंत्रात फेरफार करू द्यावेत का, असा प्रश्न निघाला की मला एक बाजार आठवतो. साधारण २०१५ ते २०१९ या काळात अमेरिकेत जुन्या इन्सुलिन पंपांचा एक अजब बाजार चालायचा. या गिऱ्हाइकांना नवाकोरा पंप नको असायचा. त्यांना हवी असायची मेडट्रॉनिक कंपनीची काही ठरावीक जुनी मॉडेलं, वॉरंटी कधीच संपलेली. घेणारा विकणाऱ्याला आधी पंपाचं फर्मवेअर, म्हणजे पंपाच्या आतलं सॉफ्टवेअर, बघायला सांगायचा. मॉडेल ५२३ किंवा ७२३ असेल, तर फर्मवेअर २.४ किंवा त्याखालचं असलं तरच सौदा. पुढच्या आवृत्त्या त्यांच्या काही कामाच्या नव्हत्या, कारण त्यांत पंपाने बाहेरून रेडिओवर येणारे हुकूम ऐकणं बंद केलं होतं. थोडक्यात, ज्या यंत्रावर रोज जीव अवलंबून आहे, ते मुद्दाम असुरक्षित असलेलंच शोधून घ्यायचं!

हा वेडेपणा का नव्हता, हे कळायला टाइप १ मधुमेहात दिवस कसा जातो ते बघावं लागेल. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मग इन्सुलिन बाहेरून द्यायचं, आणि किती द्यायचं ते दिवसभर आपणच ठरवायचं. अडचण अशी की जलद म्हणवणारं इन्सुलिनसुद्धा टोचल्यावर दहा-वीस मिनिटांनी कामाला लागतं, तास-दीड तासाने जोरात येतं आणि पुढे काही तास रेंगाळतं. आत्ताच्या आकड्यावर दिलेला डोस पुढच्या दोन-तीन तासांच्या शुगरवर परिणाम करतो. कमी पडला तर शुगर चढते, जास्त झाला तर उतरते, आणि झोपेत उतरली तर जिवावर बेततं.

२०१० नंतर यासाठी दोन यंत्रं बाजारात होती, पंप आणि सेन्सर. पंप कमरेला अडकवायचा. तो ‘बेसल’ म्हणजे दिवसभराचं संथ इन्सुलिन सोडत राहतो. सेन्सर दंडाला किंवा पोटाला चिकटवायचा. तो दर पाच मिनिटांनी त्वचेखालच्या द्रवातली शुगर सांगतो. फक्त ही दोन यंत्रं आपसात बोलत नव्हती. मधला निरोप्या म्हणजे रुग्ण किंवा त्याची आई: रात्री तीनला उठायचं, आकडा बघायचा, गणित करायचं, बटण दाबायचं.

जॉन कॉस्टिक या अमेरिकन अभियंत्याच्या लहान मुलाला २०१२ मध्ये टाइप १ निघाला. शाळेत असलेल्या मुलाची शुगर आपल्याला ऑफिसात दिसावी एवढंच त्याला हवं होतं, म्हणून २०१३ मध्ये त्याने सेन्सरच्या रिसीव्हरमधला डेटा बाहेर काढायचा प्रोग्राम लिहिला. स्वतः टाइप १ असलेल्या डॅना लुइस हिची तक्रार तर आणखी साधी होती: सेन्सरचा अलार्म इतका मिणमिणता की रात्री तिला जागच यायची नाही. कॉस्टिकचा कोड घेऊन तिने आणि तिचा जोडीदार स्कॉट लीब्रँडने मोठ्याने ओरडणारा अलार्म बनवला. मग त्याला शुगर पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधायला शिकवलं. बेन वेस्ट या प्रोग्रामरने कित्येक वर्षं खपून पंपाची रेडिओ-भाषा उलगडली होती. ती हाती आल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये लुइसच्या अंगावर पूर्ण साखळी जोडली गेली. सेन्सर वाचतो, छोटा संगणक हिशेब करतो, पंप ऐकतो. २०१५ मध्ये त्यांनी ही रचना ‘ओपन-एपीएस’ (एपीएस म्हणजे कृत्रिम स्वादुपिंड प्रणाली) नावाने सगळ्यांसाठी खुली केली. अशा प्रकारची पहिली व्यावसायिक प्रणाली, मेडट्रॉनिकचीच, अमेरिकेत मंजूर झाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये.

पंप ऐकायचा कसा? त्या जुन्या पंपांत हुकूम देणाऱ्याची ओळख पटवायला एकच गोष्ट लागायची: पंपाचा सहा अंकी सिरीयल नंबर. संदेशांवर कसलंही एन्क्रिप्शन, म्हणजे सांकेतिक कुलूप, नाही. स्वतः टाइप १ असलेल्या जे रॅडक्लिफ या सुरक्षातज्ज्ञाने २०११ मध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत हे स्वतःच्याच पंपाबाबत दाखवून दिलं, तेव्हा ते ऐकून लोकांना धडकी भरली होती. त्याच उघड्या दारातून तीन-चार वर्षांनी रुग्ण आत शिरले.

ओपन-एपीएसच्या आराखड्यातला मला सगळ्यांत आवडणारा भाग म्हणजे त्याचा भित्रेपणा. ही मंडळी पंपाचं मूळ सेटिंग बदलतच नव्हती. पंपात ‘तात्पुरता बेसल’ नावाची सोय असते: अमुक इतका वेळ, अमुक इतक्या दराने इन्सुलिन सोड. संगणक दर पाच मिनिटांनी नवा आकडा घेतो, अंगात अजून किती इन्सुलिन शिल्लक आहे ते मोजतो, पुढच्या काही तासांची शुगर मांडतो आणि फक्त पुढच्या तीस मिनिटांपुरता दर कमी-जास्त करतो. शुगर उतरताना दिसली तर शून्य. कमाल दराला वरून मर्यादा. आता संगणकाची बॅटरी संपली, रेडिओ तुटला, सेन्सर गळून पडला, तर काय? काही नाही. तीस मिनिटं संपतात आणि पंप आपोआप डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दरावर परत येतो. यंत्र बिघडणारच हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे, आणि ती केली हौशी म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांनी.

कंपन्यांची बाजू मात्र उडवून लावण्यासारखी नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जाहीर इशारा दिला: अशाच मंजुरी नसलेल्या जोडणीतून एका रुग्णाला पुन्हा पुन्हा जास्तीचं इन्सुलिन गेलं आणि वैद्यकीय मदत घ्यावी लागली. पाठोपाठ जूनमध्ये मेडट्रॉनिकने ते जुने पंप परत मागवले. त्यांतली त्रुटी अपडेट पाठवून बुजवता येण्यासारखी नव्हती. कंपनीच्या अंदाजाने अमेरिकेत तेव्हा सुमारे ४,००० रुग्ण हे पंप वापरत होते. पंप बनवणाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. कोणीतरी इंटरनेटवरचा कोड आपल्या यंत्राला जोडणार, आणि काही झालं की नाव आपलं येणार.

पण ‘धोका आहे’ एवढं म्हणून भागत नाही, तो मोजावा लागतो. न्यूझीलंडमध्ये ९७ मुलं आणि मोठ्यांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारी प्रणाली वापरणाऱ्यांची शुगर योग्य पट्ट्यात राहण्याचा काळ ६१.२ टक्क्यांवरून ७१.२ टक्क्यांवर गेला. साधा पंप आणि सेन्सर वापरणाऱ्यांचा ५७.७ वरून ५४.५ वर उतरला. फरक दिवसाला ३ तास २१ मिनिटांचा, आणि दोन्ही गटांत गंभीर हायपो (शुगर धोकादायक उतरणं) एकालाही नाही. चाचणीतला पंप मेडट्रॉनिकचा जुना नव्हता, पण हिशेबाचं सूत्र ओपन-एपीएसचंच होतं.

म्हणून ‘कंपन्यांनी ग्राहकाला यंत्रात फेरफार करू द्यावेत का’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कुलूप बाहेरच्यासाठी आहे की मालकासाठी, हे आधी विचारायला हवं. तांत्रिकदृष्ट्या ही दोन वेगळी कामं आहेत. पंपाचे संदेश एन्क्रिप्ट करा, पण त्याची किल्ली पंप हातात असलेल्या माणसाला तयार करू द्या: पंपाचं बटण दाबून, स्क्रीनवरचा कोड टाकून. मग रस्त्यावरचा चोर आत येऊ शकत नाही, मालक येऊ शकतो. बिल्डरने फ्लॅट विकला आणि किल्ली मात्र स्वतःकडेच ठेवली, तर ती आपल्या सुरक्षेसाठी आहे असं आपण मानू का?

कारण सुरक्षेच्या नावाखाली दुसरंही बरंच खपतं. पोलंडमध्ये न्यूअग या कंपनीने बनवलेल्या काही रेल्वेगाड्या दुसऱ्या कारखान्यात दुरुस्तीला गेल्या आणि सुरूच होईनात. ‘ड्रॅगन सेक्टर’ या हॅकर गटाने त्यांचं सॉफ्टवेअर उसकटलं, तर आत प्रतिस्पर्धी दुरुस्ती कारखान्यांचे जीपीएस अक्षांश-रेखांश सापडले, म्हणजे गाडी तिथे उभी राहिली की तिने बंद पडावं अशी सोय, असं त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये हॅम्बुर्गला जाहीरपणे मांडलं. न्यूअगने आरोप फेटाळले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

उलट बाजूने, जिथे फेरफाराचा धोका दुसऱ्याला असतो तिथे माझा सूर बदलतो. गाडीचे ब्रेक, इंजिनाचा धूर, रेडिओ लहरींची ताकद यांत मालकाची मनमानी चालू नये. पण तिथेही पहारेकरी सरकारी तपासणी असावी, कंपनी नव्हे. २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या फोक्सवॅगनच्या प्रकरणात जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत धूर-चाचणी ओळखून फसवणारं सॉफ्टवेअर निघालं, आणि ते कुणा गॅरेजवाल्याने नाही, कंपनीनेच घातलं होतं.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. वैद्यकीय उपकरणं नाहीत. जिथे पंपाचा खर्च बहुतेकांना स्वतःच्याच खिशातून करावा लागतो, तिथे ही उणीव जास्त बोचते.

अमेरिकेत एफडीएने एक मधली वाट काढली, आणि ती मला पटते. सेन्सर, पंप आणि हिशेब करणारं सॉफ्टवेअर यांना वेगवेगळी मंजुरी द्यायची आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसवणं हीच अट ठेवायची. २०१८ मध्ये असा पहिला सेन्सर मंजूर झाला, २०१९ मध्ये पंप. आणि जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइडपूल लूप’ला मंजुरी मिळाली. हे ॲप ‘लूप’ या रुग्ण आणि पालकांनीच आयफोनसाठी लिहिलेल्या ॲपवरून घडवलेलं होतं.

मूळ लूप आजही आहे, पण ॲप स्टोअरवर नाही. मंजुरी नसलेलं वैद्यकीय उपकरण वाटणं बेकायदा; स्वतःसाठी बनवणं नाही. म्हणून कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा, आणि ज्याचं त्याने त्यातून ॲप स्वतः तयार करून फोनवर चढवायचं, अशी त्यांची पद्धत. त्यासाठी ॲपलचं डेव्हलपर खातं लागतं, वर्षाला ९९ डॉलर. फुकटच्या खात्यावर बनवलेलं ॲप सात दिवसांनी उघडायचं बंद होतं; शुगर कितीही असो.