जंताची वळवळ: स्नायू आणि चेतापेशींचं नातं कसं उलगडत गेलं

पोटातला मोठा जंत, म्हणजे ॲस्कॅरिस, आतड्याला चिकटून राहत नाही. पट्टकृमीकडे असतात तसे चूषक किंवा आकडे त्याच्याकडे नसतात. अन्न सतत खाली सरकत असतं आणि हा प्राणी प्रवाहाविरुद्ध वळवळत जागा टिकवतो. या वळवळीमागची यंत्रणा समजायला विसावं शतक अख्खं पुरलं नाही. जेवढी समजली ती दोन सूत्रकृमींमुळे, म्हणजे दोऱ्यासारख्या गोल अंगाच्या कृमींमुळे: एक हा वीतभराहून लांब जंत आणि दुसरा जेमतेम एक मिलिमीटरचा, मातीत आणि सडक्या फळांत सापडणारा सी. एलिगन्स.

सूत्रकृमीच्या शरीरात स्नायूंची मांडणी फार काटकसरीची आहे. गांडुळाला उभे आणि गोल असे दोन्ही स्नायू असतात. सूत्रकृमीच्या अंगभर फक्त उभे. मग आखडलेला स्नायू पुन्हा लांब कोण करतं? १९५७ साली हॅरिस आणि क्रॉफ्टन यांनी ॲस्कॅरिसच्या शरीरातला द्रवाचा दाब मोजला. तो सरासरी ७० मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. बाहेरच्या कणखर आवरणात तिरके, एकमेकांना छेदणारे तंतू असतात. या आवरणात दाबाखाली कोंडलेला द्रव हाडांचं काम करतो. पोटाकडची बाजू आखडली की पाठीकडची ताणली जाते, आणि उलट.

नसांची गोष्ट याहून विलक्षण. बहुतेक प्राण्यांत चेतापेशीचा तंतू स्नायूपर्यंत जातो. इथे स्नायूपेशीच आपला एक हात लांबवून चेतारज्जूपर्यंत, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्यापर्यंत, पोचते आणि तिथे संदेश घेते. ॲस्कॅरिसमध्ये हे हात साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. १९०८ साली रिचर्ड गोल्डश्मिट यांनी याच जंताच्या डोक्याकडच्या चेतापेशी एकेक करून मोजल्या. त्या १६२ भरल्या. संख्या ठरावीक आहे आणि प्रत्येक पेशी नेमकी ओळखता येते, ही त्यांच्या कामाची खरी देणगी. पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहिलं.

१९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी सी. एलिगन्स निवडला. जनुकं बिघडवायची आणि चाल कशी बिघडते ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत. १९७४च्या त्यांच्या शोधनिबंधात सुमारे शंभर जनुकं नोंदली आहेत आणि त्यांतली ७७ हालचालीशी संबंधित आहेत. अशा जनुकांना 'अन्क' (इंग्रजी 'अनकोऑर्डिनेटेड', म्हणजे ताळमेळ सुटलेलं, यावरून) हे नाव आणि क्रमांक मिळाले. अन्क-५४ हे स्नायूतल्या मायोसिन प्रथिनाचं जनुक निघालं. अन्क-१०४ चेतापेशीच्या लांब तंतूतून माल वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं. त्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेने बरंच काम केलं आहे.

त्याच सुमारास निकोल थॉमसन कृमीचे अतिपातळ काप काढत होते, तर जॉन व्हाइट आणि आयलीन साउथगेट हजारो इलेक्ट्रॉन-सूक्ष्मचित्रांतून एकेका तंतूचा माग काढत होते. संगणक वापरून पाहिला, पण शेवटी काम हातानेच झालं. १९८६ साली ३०२ चेतापेशींचा नकाशा प्रसिद्ध झाला. या चिकाटीपुढे आजही हात जोडावेसे वाटतात. हा नकाशा आणि एकेक पेशी लेसरने नष्ट करून केलेले प्रयोग यांतून कळलं की स्नायूंना आदेश देणाऱ्या चेतापेशींपैकी 'बी' गटाच्या पेशी पुढे जाण्यासाठी आणि 'ए' गटाच्या मागे सरकण्यासाठी आहेत.

पण एवढ्या लहान जिवाच्या चेतापेशीत विद्युताग्र (विजेचे संदेश मोजणारी बारीक सुई) खुपसणं त्या काळी जमत नव्हतं. इथे मोठा जंत पुन्हा उपयोगी पडला. ब्रेनर यांच्यासोबत काम केलेले अँटनी स्ट्रेटन यांनी अमेरिकेत कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या जंतांवर मोजमाप सुरू केलं. चित्र स्पष्ट झालं: एक चेतापेशी ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सोडून पोटाकडचा स्नायू आखडवते, आणि त्याच वेळी दुसऱ्या प्रकारच्या पेशीला चेतवते. ही दुसरी पेशी गाबा नावाचं दुसरं रसायन स्रवून पाठीकडच्या समोरच्या स्नायूला सैल ठेवते. सी. एलिगन्समध्ये गाबा तयारच होऊ दिलं नाही तर काय होतं, हे अन्क-२५ जनुक बिघडलेल्या कृमीत दिसतं. काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने डोक्याला हलकेच स्पर्श केला, तर तो मागे वळवळत जात नाही. दोन्ही बाजू एकदम आखडतात आणि तो जागीच आक्रसतो.

जंतावरची काही जुनी औषधं चेतापेशी आणि स्नायू यांच्यातल्या नेमक्या याच जोडांवर घाव घालतात. पायपेराझिन गाबाची नक्कल करतं. जंत लुळा पडतो आणि विष्ठेबरोबर बाहेर जातो. लेव्हामिसोल ॲसिटिलकोलीनच्या जागी बसतं आणि तो ताठरतो. लेव्हामिसोलला दाद न देणाऱ्या सी. एलिगन्समधूनच ॲसिटिलकोलीनचा संदेश स्वीकारणाऱ्या स्नायूवरच्या ग्राही प्रथिनांची जनुकं हाती लागली. शाळांतून वाटली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी मात्र वेगळ्या वाटेने, पेशीच्या आतला सांगाडा असलेल्या सूक्ष्मनलिकांवर, काम करते.

नकाशा मिळाला तरी लाट डोक्यापासून शेपटीपर्यंत सरकते कशी, हे त्यावरून कळत नव्हतं. २०१२ साली क्वान वेन आणि सहकाऱ्यांनी कृमीचा मधला भाग एका अरुंद नळीत अडकवला आणि ती नळीच वाकवली. मागचा मोकळा भाग त्याच दिशेला वळला. म्हणजे 'बी' पेशी आपल्या पुढच्या भागाचा बाक जाणून घेतात आणि तो मागे पोचवतात; लाट शरीरातूनच वाहते. मागे सरकताना मात्र 'ए' पेशी स्वतःच ताल निर्माण करू शकतात, हे २०१८ साली दिसलं. पुढच्या चालीतही तालाची केंद्रं एकाहून अधिक असल्याचे पुरावे त्याच वर्षी आले. त्यामुळे शरीराच्या बाकाचा वाटा किती आणि पेशींच्या स्वतःच्या तालाचा किती, यावर आता काम चालू आहे.