माहिती साक्षरता (महाविद्यालयीन शिक्षणातील)

आपल्याला नेमकी कोणती माहिती हवी आहे हे ओळखणे, ती शोधणे, पारखणे आणि तिचा उगम सांगून वापरणे, या कौशल्यांना मिळून माहिती साक्षरता म्हणतात. संगणक साक्षरता तिची शेजारीण, पण घर वेगळे. महाराष्ट्रात हा फरक मुद्दाम सांगावा लागतो. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे ‘कॉम्प्युटर येतो’ म्हणजे काय, याची कल्पना तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. मात्र सर्च इंजिनने पुढ्यात टाकलेल्या दहा दुव्यांपैकी कोणावर विसंबायचे, हे एक्सेल शिकून कळत नाही.

ही संज्ञा १९७४ मध्ये अमेरिकेतील माहिती-उद्योग संघटनेचे अध्यक्ष पॉल झुरकोव्स्की यांनी वापरली. त्यांचा रोख नोकरदारांकडे होता. विद्यार्थी नंतर आले. तिथल्या महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० मध्ये उच्च शिक्षणासाठी मानके ठरवली. २०१५ मध्ये त्यांच्या जागी सहा संकल्पनांची चौकट आणली. एखाद्या लेखकाचा अधिकार कोणत्या संदर्भात मानायचा, ही त्यांतली एक.

आपल्याकडे हे काम बहुधा ग्रंथपालाच्या वाट्याला येते. वर्षाच्या सुरुवातीला एक तास, त्यात ग्रंथालयाची तालिका, पुस्तके देवघेवीचे नियम आणि महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके पुरवणाऱ्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेची ओळख. प्रकल्प लिहायची वेळ काही महिन्यांनी येते, तोवर पासवर्डही विसरलेला असतो. तोच तास प्रकल्पाचा विषय ठरल्याच्या आठवड्यात घेतला, तर मुले स्वतःचा प्रश्न घेऊन येतात आणि शिकवणेही सोपे जाते.

पारखण्याचे शिक्षण मात्र अनेकदा चुकीच्या दिशेने दिले जाते. संकेतस्थळ नीटनेटके आहे का, ‘आमच्याविषयी’ हे पान आहे का, अशी यादी मुलांच्या हाती दिली जाते. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी अमेरिकेत इतिहासतज्ज्ञ, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अशा ४५ जणांना संकेतस्थळे तपासायला दिली. विद्यार्थीच नव्हे, पीएच.डी. झालेले इतिहासतज्ज्ञही देखण्या बोधचिन्हाला आणि भारदस्त नावाला फसले. तथ्यतपासनिसांनी ते पान वाचत बसण्याऐवजी लगेच नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते पाहिले. सोयरीक जुळवताना आपण मुलाचा बायोडेटा वाचून थांबत नाही, गावात चौकशी करतो, तसेच हे.

मराठीत शोधणाऱ्याची अडचण याहून निराळी, आणि पाठ्यक्रमात ती क्वचितच येते. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला ‘ऱ्या’ युनिकोड या संगणकीय लिपिसंकेतात दोन प्रकारे टंकता येतो. एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण साध्या शब्दशोधाला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. त्यात आपले सामान्यरूप आणि प्रत्यय. पीडीएफमध्ये ‘शेतकरी’ शोधले की ‘शेतकऱ्यांना’ निसटतो. यावर साधा उपाय म्हणजे शब्दाचा न बदलणारा भाग, इथे नुसते ‘शेतक’, टाकून पाहणे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या फायलींत तेही चालत नाही. पडद्यावर सुबक मराठी दिसते, मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा काला हाती येतो. जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने तर नुसती चित्रेच. ‘काहीच सापडले नाही’ याचा अर्थ ‘काहीच लिहिलेले नाही’ असा होत नाही, हे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला कळायला हवे.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ मध्ये आले. आधीच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला त्यांत दंड नाही. परिणामी चर्चा टक्क्यांभोवती फिरते, आणि ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘मोलाचे’ घालून आकडा उतरवण्याचे कसब मुले भराभर आत्मसात करतात. आता संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कधीकधी अस्तित्वात नसलेले संदर्भही रचून देतात: लेखक, वर्ष, पृष्ठक्रमांक सगळे जागच्या जागी. साम्य मोजणारी प्रणाली यात दोष दाखवेलच असे नाही, कारण ती जुळणारा मजकूर शोधते, खरेपणा तपासत नाही. संदर्भ प्रबंधाचा असेल तर शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, पुस्तकाचा असेल तर ग्रंथालयाच्या तालिकेत त्याचे नाव टाकून पाहावे लागते, आणि सापडल्यावर ते पान उघडावेही लागते.