पोर्श ९११ ची हाताळणी

पोर्श ९११ ही जर्मनीतील श्टुटगार्ट येथील पोर्श कंपनीची क्रीडा मोटारगाडी असून तिचे सहा सिलिंडरांचे आडवे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले असते. या मांडणीमुळे वळण घेताना, ब्रेक लावताना आणि वेग वाढवताना गाडीचे जे वर्तन घडते, त्याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ‘९०१’ या क्रमांकाने मांडली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांवर फ्रान्समध्ये प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्याने तो क्रमांक ९११ असा बदलण्यात आला. तेव्हापासून सर्व पिढ्यांत इंजिनाची जागा कायम राहिली आहे. अपवाद आहेत ते केवळ काही शर्यतीच्या आवृत्त्यांचे.

इंजिन मागे ठेवण्याची प्रथा ९११ च्या बरीच आधीची आहे. पोर्श नावाची पहिली गाडी, म्हणजे १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे तयार झालेली ३५६ ची पहिली नमुना-गाडी, हिचे इंजिन मागच्या आसाच्या पुढे होते. विक्रीसाठीच्या ३५६ मध्ये ते आसामागे गेले, कारण त्यामुळे आसनांमागे जागा मिळत होती आणि फोक्सवागनची मांडणी जवळजवळ तशीच वापरता येत होती. स्वतः फोक्सवागनच्या मांडणीचे जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. फर्डिनांड पोर्श यांच्याकडे ते परंपरेने दिले जात असले, तरी चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीत हान्स लेडविंका यांच्या देखरेखीखाली १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झालेल्या प्रायोगिक गाड्यांशी असलेले साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. या संदर्भातील दावा युद्धानंतर फोक्सवागनने टाट्राला भरपाई देऊन मिटवला. तडजोडीचे वर्ष बहुधा १९६५ असे दिले जाते, तथापि सर्व लेखकांचे त्यावर एकमत नाही. अभियंता बेला बरेनी यांच्या त्याहून आधीच्या आराखड्यांचाही या संदर्भात उल्लेख होतो. ही मांडणी एका व्यक्तीच्या नावावर टाकण्यापेक्षा मध्य युरोपातील त्या काळच्या सामाईक विचाराचे फलित मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हाताळणीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की या पूर्वजांच्या मागच्या चाकांना झुलते अर्धे आस होते आणि जोरदार वळणावर ते मागचे चाक आत मुडपू देत; ९११ च्या आराखड्यात ते सोडून देऊन तिरक्या भुजांचे, म्हणजे सेमी-ट्रेलिंग आर्म प्रकारचे, सस्पेन्शन स्वीकारण्यात आले.

९११ च्या वर्तनाविषयी जे मतभेद दिसतात, त्यांतील बरेचसे मोजमापाच्या पद्धतीतून उद्भवलेले आहेत. टायर लवचिक असल्यामुळे वळणावर चाक ज्या दिशेला रोखलेले असते नेमक्या त्या दिशेने ते जात नाही. या दोन दिशांमधील कोनाला स्लिप अँगल म्हणतात, आणि टायर जो आडवा जोर लावते तो बऱ्याच मर्यादेपर्यंत या कोनाच्या प्रमाणात वाढतो. ही संकल्पना स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय सामान्यतः फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए यांच्या १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या लेखनाला देतात. ओव्हरस्टिअर (स्टिअरिंग वळवले त्याहून गाडी अधिक आत वळणे) आणि अंडरस्टिअर (त्याहून कमी वळणे) या कल्पना रूढ केल्या त्या मॉरिस ओली यांनी. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या या इंग्रज अभियंत्याचे हे काम विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातले आहे. पुढे १९५६ मध्ये अमेरिकन अभियंते मिलिकन, सेगेल आणि व्हिटकॉम्ब यांनी लंडनमध्ये सादर केलेल्या निबंधांनी विमानांच्या स्थैर्याचे गणित मोटारगाडीला लावून दाखवले, आणि आजचे शास्त्र मुख्यत्वे त्यावर उभे आहे.

ओली यांच्या पद्धतीने पुढच्या व मागच्या टायरांच्या स्लिप अँगलची तुलना करतात : पुढचा कोन मोठा असेल तर अंडरस्टिअर, मागचा मोठा असेल तर ओव्हरस्टिअर. नंतरच्या, अधिक काटेकोर पद्धतीत ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळावर वेग हळूहळू वाढवत नेतात आणि स्टिअरिंग किती जास्त वळवावे लागते ते मोजतात. चालक मात्र मागची बाजू बाहेर घसरली की ओव्हरस्टिअर म्हणतात, मग ती कोणत्याही कारणाने घसरो. स्थिर वर्तुळाच्या कसोटीवर ९११ ही अंडरस्टिअर करणारी गाडी ठरते, आणि हे अपघाताने नव्हे, तर टायरांची रुंदी, हवेचा दाब व अँटी-रोल बारची, म्हणजे वळणात गाडीचे झुकणे रोखणाऱ्या दांड्याची, ताठरता यांची तशी निवड करूनच साधलेले आहे. तिची मागे घसरण्याबद्दलची ख्याती ज्या प्रसंगांतून आली, ते सर्व बदलत्या अवस्थेचे, म्हणजे चालकाने वळणाच्या मध्यावर काहीतरी एकाएकी केल्याचे, प्रसंग आहेत. म्हणून स्थिर अवस्थेसाठी वर्तुळाची कसोटी ग्राह्य धरावी आणि संक्रमणाचा विचार स्वतंत्रपणे करावा, हाच मार्ग येथे स्वीकारला आहे.

संक्रमणाचे मूळ भाराच्या स्थलांतरात आहे. गाडीचे वस्तुमान, तिचा प्रवेग आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करून त्याला व्हीलबेसने, म्हणजे पुढच्या व मागच्या आसांतील अंतराने, भागले असता एका आसावरून दुसऱ्यावर जाणारा भार मिळतो. अलीकडच्या ९११ ची स्थूलमानाने कल्पना यावी म्हणून वस्तुमान १,५०० किग्रॅ., त्यांपैकी ६१ टक्के मागे, गुरुत्वमध्य ०.४५ मी. उंचीवर आणि व्हीलबेस २.४५ मी. धरू. उभ्या गाडीत मागे ९१५ व पुढे ५८५ किग्रॅ. भार असतो. गुरुत्वप्रवेगाइतक्या मंदनाने ब्रेक लावल्यास सुमारे २७५ किग्रॅ. भार पुढे येतो. मागे ६४० उरतो, पुढे ८६० होतो. म्हणजे कडक ब्रेकिंगमध्येही मागच्या चाकांवर एकूण भाराच्या सुमारे ४३ टक्के भार शिल्लक असतो आणि चारही चाकांचे ब्रेक खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. पुढे इंजिन असलेल्या, समतोल वजनाच्या गाडीत हा वाटा याच आकड्यांनी ३२ टक्क्यांच्या आसपास येतो. ९११ च्या ब्रेकची जी प्रशंसा होते तिला हा भौतिक आधार आहे. उलट दिशेने, त्याच्या निम्म्या प्रवेगाने वेग घेताना मागचा भार ७० टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना या गाडीची चाके सहसा नुसती फिरत राहत नाहीत.

याच गुणाची दुसरी बाजू वळणात दिसते. चालक ॲक्सिलरेटर दाबून वळण घेत असताना मागची चाके भाराने रस्त्यावर दाबलेली असतात आणि हलके पुढचे टोक किंचित बाहेर जाऊ पाहते. त्या क्षणी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर भार पुढे सरकतो, पुढच्या टायरांची पकड वाढते, मागच्यांची घटते, आणि अंडरस्टिअर क्षणार्धात ओव्हरस्टिअरमध्ये बदलतो. जुन्या सस्पेन्शनमध्ये यात आणखी भर पडत असे : इंजिनाच्या रोधनाने मागचे चाक मागे ओढले जाई, भुजेच्या सांध्यांतील रबर दबे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचे मागचे चाक सूक्ष्म प्रमाणात बाहेर रोखले जाई. इंजिनाचे वजन गुरुत्वमध्यापासून दूर असल्याने गाडीला एकदा उभ्या अक्षाभोवती गिरकी मिळाली, की ती थांबवण्यास मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीपेक्षा अधिक जोर लागतो. बाहेर गेलेले शेपूट आवरण्यासाठी चालकाजवळ जो वेळ असतो तो यामुळे कमी पडतो, ही अडचण शक्तीच्या आकड्यांपेक्षा अधिक गंभीर आहे.

आरंभीच्या गाड्यांत हा दोष ठळक होता, हे कंपनीने केलेल्या उपायांवरूनच दिसते. चाचणी विभागाचे प्रमुख हेल्मुट बॉट आणि पेटर फाल्क यांच्या काळात पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे ११ किग्रॅ. ओतीव लोखंडाची वजने बसवण्यात आली. हा उपाय मागच्या वजनाला उतारा म्हणून होता असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पुढच्या सस्पेन्शनच्या जुळणीतील तफावतींमुळे सरळ रस्त्यावरही काही गाड्या भरकटत, ते झाकण्यासाठी तो होता, असेही एक मत आहे. दोन्ही कारणे परस्परांना छेद देत नाहीत. खरी दुरुस्ती १९६८ च्या उन्हाळ्यात आली : इंजिन जागेवर ठेवून मागच्या भुजा लांबवल्या आणि मागची चाके ५७ मिमी. मागे नेली. व्हीलबेस २,२११ वरून २,२६८ मिमी. झाला. त्याच गाड्यांत एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवण्यात आल्या. पुढचा वाटा जेमतेम एक-दोन टक्क्यांनी वाढला, तरी चालकांना फरक जाणवला, याचे कारण केवळ वजन नसून लांबलेला व्हीलबेस हेही होते.

१९७२ च्या अखेरीस दाखवलेल्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये उत्पादनातील ९११ ला प्रथमच मागे पुढच्यापेक्षा रुंद टायर मिळाले आणि मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा पंख आला. वेगात मागची बाजू उचलली जाण्याची प्रवृत्ती त्याने बरीच कमी झाली. १९७४ मध्ये पॅरिसला दाखवलेल्या टर्बोची ३.० लिटर, २६० अश्वशक्तीची आवृत्ती वेगळ्या कारणाने कठीण होती. टर्बोचा जोर ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर काहीशा विलंबाने आणि एकदम येत असल्याने चालकाने वळणात केलेल्या कृतीचा परिणाम पुढच्या टप्प्यात, भलत्या क्षणी उमटे.

१९८८ अखेरची ९६४ ही पिढी संक्रमणकाळाची म्हणता येईल : टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) जाऊन कॉइल स्प्रिंग (वेटोळ्याच्या स्प्रिंग) आल्या, पॉवर स्टिअरिंग व एबीएस (ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी यंत्रणा) आले आणि कॅरेरा ४ मध्ये चारही चाकांना ३१ : ६९ या प्रमाणात जोर मिळू लागला. मागच्या चाकांचा प्रश्न मात्र १९९३ मधील ९९३ च्या बहुभुज सस्पेन्शनने सुटला. अनेक भुजा वेगळ्या चौकटीवर बसवून, ॲक्सिलरेटर सोडल्यावर बाहेरचे चाक आत रोखले जाईल अशी रचना त्यात साधली. हाच विचार पोर्शने १९७७ च्या ९२८ मध्ये, ‘वायसाख आस’ या नावाने, आधी वापरला होता. ९११ च्या हाताळणीतील निर्णायक टप्पा कोणता, याविषयी लेखकांचे एकमत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची ९९६ (१९९७) किंवा व्हीलबेस १०० मिमी. वाढवून २,४५० मिमी. केलेली ९९१ (२०११) यांची नावे वारंवार घेतली जातात. पण मूळ दोषावर थेट उपाय झाला तो ९९३ मध्ये, हे मत अधिक ग्राह्य दिसते. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रणाने उरलेली कडा बोथट केली.

ट्रॅकवरील वापरासाठीच्या जीटी३ मालिकेत (१९९९ पासून) दोन बदल विशेष महत्त्वाचे आहेत. २०१३ च्या जीटी३ मध्ये मागची चाकेही १.५ अंशांपर्यंत वळू लागली : साधारण ५० किमी. ताशी वेगाखाली पुढच्यांच्या उलट दिशेने, ८० च्या वर त्याच दिशेने. पहिल्यामुळे गाडी आखूड व्हीलबेसची असल्याप्रमाणे चपळ वळते, दुसऱ्यामुळे लांब व्हीलबेसची असल्याप्रमाणे स्थिर राहते. २०२१ च्या जीटी३ ला पुढे दुहेरी विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन भुजांचे) सस्पेन्शन मिळाले. त्यामुळे गाडी झुकली तरी पुढचे टायर रस्त्यावर अधिक सपाट राहते आणि हलक्या पुढच्या टोकाचा अंडरस्टिअर कमी होतो. या गाडीने न्युर्बुर्गरिंगच्या २०.८३२ किमी. लांबीच्या उत्तर मार्गाची फेरी ६ मिनिटे ५९.९२७ सेकंदांत पुरी केली. शुद्ध शर्यतीत मात्र पोर्शने स्वतःच १९९६ ची जीटी१ आणि २०१७ ची आरएसआर यांत इंजिन मागच्या आसाच्या पुढे आणले. मागचा डिफ्यूझर (गाडीखालची हवा मागे काढून तिला रस्त्याकडे खेचणारा भाग) मोठा करण्यास त्यामुळे जागा मिळाली, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होय. त्यावरून मूळ मांडणी निकामी ठरते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

ट्रॅकवर ९११ चालवण्याची रूढ रीत या भौतिक गुणांतूनच आलेली आहे. ब्रेक सरळ रेषेत उशिरापर्यंत लावावा, पण वळणात शिरताना तो एकदम न सोडता हळूहळू सैल करावा, म्हणजे पुढच्या टायरांवर भार टिकून गाडी आत वळते. वळणाच्या मध्यापासून ॲक्सिलरेटर लवकर आणि सलग उघडावा. मध्येच पाय उचलू नये.

रस्त्यावर ही मर्यादा गाठण्याचे कारणही नसते आणि ती गाठणे सुरक्षितही नाही. ५० मी. त्रिज्येच्या वळणावर गुरुत्वप्रवेगाइतकी आडवी पकड धरली तर सुमारे ८० किमी. ताशी वेग निघतो. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर तोच वेग ५६ पर्यंत उतरतो. ट्रॅकसाठीचे अर्ध-गुळगुळीत टायर गरम झाल्याशिवाय पूर्ण पकड देत नाहीत आणि त्यांच्या उथळ खाचांतून पाणी पुरेसे निघत नाही, त्यामुळे थंड, ओल्या सकाळी तीच जीटी३ ९११ च्या साध्या कॅरेरा आवृत्तीपेक्षा अवघड ठरू शकते. हलक्या पुढच्या टोकामुळे साचलेल्या पाण्यावर पुढची चाके तरंगण्याचा धोका असतो. २०१९ च्या ९९२ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे संवेदक बसवून रस्ता ओला असल्याची सूचना चालकाला देण्याची सोय केली आहे. ९९१ पासून आलेल्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमुळे रस्त्याचा बारीक पोत हाताला कळेनासा झाला, ही तक्रार पूर्वीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगची सवय असलेल्या चालकांनी सुरुवातीला केली. नंतरच्या सुधारणांनी ती बरीच कमी झाली असली, तरी पूर्णपणे मिटलेली नाही.