स्क्रिप्टची इएक्सई बनवायची पद्धत आली कुठून

पायथॉन भाषेतली स्क्रिप्ट पायइन्स्टॉलर या टूलमधून काढली आणि इएक्सई, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी फाइल, हातात आली की बऱ्याच जणांना वाटतं, चला, कोड आता मशीन कोड, म्हणजे थेट प्रोसेसरची भाषा, झाला, जोरात पळेल आणि कुणाला वाचताही येणार नाही. तसं काही होत नाही. का होत नाही ते कळायला थोडं मागं जावं लागतं, कारण हा प्रकार पहिल्यापासून भाषांतराचा नव्हताच, शिदोरीचा होता. स्क्रिप्ट परक्या कॉम्प्युटरवर निघालीय, तिथं ती वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे इंटरप्रिटर, असेल याची खात्री नाही, म्हणून तो सोबत बांधून द्यायचा.

पायथॉन आलं १९९१ ला आणि नव्वदच्या दशकातच त्याच्या सोर्ससोबत फ्रीझ नावाचं टूल यायला लागलं. ते तुमच्या स्क्रिप्टचा आणि तिनं इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूल्सचा बाइटकोड, म्हणजे इंटरप्रिटरला समजणारं कोडचं मधलं रूप, घ्यायचं, सी भाषेतल्या अ‍ॅरेमध्ये नुसते आकडे म्हणून लिहून काढायचं आणि मग सी कंपायलरनं ते पायथॉनच्या लायब्ररीशी जोडायचं. युनिक्सवाल्यांकडं कंपायलर असायचाच, पण विंडोजवर साध्या माणसाकडं कुठून असणार, तिथंच गाडी अडायची.

यातून वाट निघाली ती मला आजही फार आवडते. विंडोज इएक्सई चालवताना सुरुवातीचा हेडर बघून लागेल तेवढाच भाग मेमरीत घेतं, शेपटाला जास्तीचं काही चिकटवलेलं असलं तरी त्याला चालतं. आणि झिप फाइलमधल्या फाइल्सची यादी असते तिच्या शेवटी. म्हणजे इएक्सई वाचायची पुढून, झिप वाचायची मागून, दोन्ही एकाच फाइलमध्ये सुखानं राहतात! आपोआप उघडणाऱ्या झिप डॉसच्या काळापासून यावरच चालत होत्या, टीसीएल या स्क्रिप्ट भाषेवाल्यांचे स्टारपॅकही याच वळणाचे, रनटाइम (इंटरप्रिटर आणि त्याचं लागणारं सामान) आणि स्क्रिप्ट एका फाइलमध्ये. पायथॉनमध्ये गॉर्डन मॅकमिलन यांनी इन्स्टॉलर लिहिला, त्यात एक छोटा बूटलोडर, म्हणजे पायथॉन सुरू करून देणारा प्रोग्राम, आधीच कंपाइल करून दिलेला, त्याच्या मागं तुमचा माल जोडायचा की झालं, कंपायलरची गरजच नाही. २००५ मध्ये त्यातूनच पायइन्स्टॉलर उभा राहिला. एका फाइलवाली इएक्सई चालताना टेम्प फोल्डरमध्ये एमईआय नावानं सुरू होणारं फोल्डर दिसतं ना, ते मॅकमिलन एंटरप्रायझेसचं नाव, अजून तसंच आहे.

मॅकमिलन यांच्या इन्स्टॉलरच्याच सुमारास थॉमस हेलर यांचं पायटूइएक्सई आलं, पुढं मॅकवर पायटूअ‍ॅप आलं. कामाची टूल्स, पण या नावांमुळेच गैरसमज पसरला असं मला वाटतं. नंतर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या डेनोनं २०२० मध्ये हीच सोय दिली तर कमांडचं नाव ठेवलं कंपाइल, आणि आत पुन्हा तेच, रनटाइमला बांधलेली स्क्रिप्ट. कोड खरंच सी मध्ये उतरवायचा तर न्युइट्कासारखं वेगळं टूल लागतं, आणि त्यालाही पायथॉनचा रनटाइम सोबत लागतोच.

अँटीव्हायरस तुमची निरुपद्रवी इएक्सई उडवतो त्याचं मूळही इथंच आहे, बूटलोडर सगळ्यांचा एकच, व्हायरस लिहिणाऱ्यांनीही तोच वापरला, मग ओळख पटते ती बूटलोडरची आणि सापडता तुम्ही.

आणि लपवण्याचं म्हणाल तर पायइन्स्टॉलरमध्ये बाइटकोड एन्क्रिप्ट करायचा पर्याय होता, पण किल्लीही त्याच फाइलमध्ये ठेवावी लागायची, नाहीतर प्रोग्राम चालणार कसा. २०२३ मध्ये सहाव्या व्हर्जनला तो पर्याय काढूनच टाकला.