चिमणी, माळढोक आणि सोलापूरचे विमान

सोलापूरच्या विमानसेवेचा इतिहास सांगायचा तर विमानांपेक्षा पक्ष्यांबद्दलच जास्त बोलावे लागते. एक चिमणी, तीही सिमेंटची, आणि दुसरा माळढोक.

होटगी रस्त्यावरची धावपट्टी जुनीच. मंत्र्यांची, पुढाऱ्यांची छोटी विमाने तिच्यावर उतरत. २०१० च्या सुमारास एका खासगी कंपनीने मुंबईची सेवा चालवली. ती बंद पडली, पुढे २०१२ मध्ये कंपनीचेच उड्डाण थांबले. त्याआधीच शहराजवळच्या बोरामणीला मोठा विमानतळ करायचे ठरून सुमारे ५५० हेक्टर जमीन घेतली गेली होती. त्या जागेत ३३ हेक्टरांच्या आसपास वनजमीन निघाली आणि माळढोकाचा प्रश्न आला. १९७९ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. ते २०१२ मध्ये १,२२२ वर आले, तरी बोरामणीची फाइल हलली नाही. मग सगळ्यांच्या नजरा पुन्हा होटगी रस्त्याकडे वळल्या.

तिथे चिमणी होती. नेमकी कोणती, यावरच निम्मी भांडणे झाली. शेजारचा सहकारी साखर कारखाना अनेक दशकांचा. ‘कारखाना होता तेव्हाही विमाने उतरत होती की,’ असे सभासद म्हणत, आणि ते खरेच होते. पण वाद जुन्या धुराड्याचा नव्हताच. तो होता कोजनसाठी, म्हणजे बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करण्यासाठी नंतर उभारलेल्या, सुमारे ९२ मीटर उंचीच्या चिमणीचा. धावपट्टीच्या परिसरात साधारणपणे ४५ मीटरच्या वर काही नको, हा आंतरराष्ट्रीय दंडक. शिवाय उतरणारे विमान दर किलोमीटरला जेमतेम ५०-५५ मीटर खाली येते. त्या वाटेच्या आसपास दुपटीने उंच खांब कोणता वैमानिक खपवून घेईल? परवानगीच नव्हती, असे पालिकेचे म्हणणे. बगॅसवर वीज करून चार पैसे जास्त मिळतील म्हणून सगळे उभारले, ते पाडून शेतकऱ्याने काय खायचे, असा सभासदांचा सवाल. दोन्ही बाजूंना वजन होते. शहरात मात्र ‘चिमणी पाडा’ एवढेच ऐकू येई. उसाचे बिल ज्याच्या घरात येत नाही त्याला ही घोषणा सोपीच होती.

छोट्या शहरांना विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेच्या २०१७ च्या पहिल्या यादीत सोलापूरचे नाव होते. त्याच सुमारास चिमणी पाडायला गेलेले पथक विरोधामुळे परत फिरले. पुढे कोर्टकचेऱ्या, उपोषणे, मोर्चाला उत्तर म्हणून मोर्चा. अखेर १५ जून २०२३ रोजी, गळीत हंगाम संपलेला असताना, मोठ्या बंदोबस्तात चिमणी जमीनदोस्त झाली. काही सेकंदांचे काम.

आणि दुसऱ्या दिवशी विमान आले नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. धावपट्टी, कुंपण, इमारत, परवाना ही सगळी कामे चिमणीइतकीच आवश्यक होती, पण त्यांच्यासाठी कोणी घोषणा दिल्या नव्हत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले तेही विमानसेवा नसताना. पहिले नियमित विमान ९ जून २०२५ चे. म्हणजे चिमणी पडल्यावर जवळपास दोन वर्षांनी, आणि तेही गोव्याचे! चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्यांनी मागितली होती मुंबई. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या भाविकांचा दाखला दिला जात होता तोही मुंबईसाठीच.

मुंबईचे विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. तोवर सकाळी सुटून दुपारी मुंबईत पोचवणारी वंदे भारत रुळून अडीच वर्षे उलटून गेली होती, आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस तर आहेच.